नवा नोड उठला की जुना पडतो: प्रॉक्समॉक्सवर कुबरनेटीसचे नोड आपोआप उभे करताना पुन्हा पुन्हा येणारी अडचण

प्रॉक्समॉक्स एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन (व्हीएम) चालवतं. कुबरनेटीस अशा अनेक मशीनवर, म्हणजे नोडवर, कंटेनरमध्ये बांधलेली ॲप्लिकेशन वाटून चालवतं. लक्षण असं दिसतं. मशीन आपोआप उभी करणाऱ्या टेराफॉर्मने प्रॉक्समॉक्सवर नवा वर्कर (ॲप्लिकेशन चालवणारा) नोड उभा केला. टेम्प्लेटवरून (साच्याच्या व्हीएमवरून) क्लोन झाला, पहिल्या बूटची मांडणी करणारं क्लाउड-इनिट चाललं, क्युबअ‍ॅडमने क्लस्टरला (नोडांच्या समूहाला) जॉइनही झाला. काही मिनिटांनी आधीपासून नीट चालणारा दुसराच वर्कर ‘नॉट रेडी’ दाखवायला लागतो. त्याच्यावर एसएसएचने (दुरून लॉगिन करून) जावं तर होस्ट की (मशीनची ओळख पटवणारी किल्ली) बदलल्याची लांबलचक ताकीद येते, आणि आत शिरलात तर प्रॉम्प्टवर भलत्याच नोडचं नाव असतं. जरा वेळाने जुना नोड आपोआप ‘रेडी’ होतो आणि नवा पडतो. मग हे आलटून पालटून चालू राहतं.

आमचं क्लस्टर नाशिकच्या अंबडमधल्या ऑफिसातल्या प्रॉक्समॉक्स सर्व्हरांवर चालतं. द्राक्षाच्या हंगामात निफाड, दिंडोरी, पिंपळगावच्या पॅकहाउसमधून पेट्यांची वजनं आणि लेबलं यांच्या नोंदी दिवसरात्र येतात. जानेवारीत वर्कर वाढवायचे, हंगाम सरला की कमी करायचे. नोड उभे करणं आणि मोडणं हे इथं नेहमीचं काम आहे, त्यामुळे ते ऑटोमेशनशिवाय होण्यासारखं नाही. म्हणूनच ही अडचण इतकी त्रासदायक ठरते. एखादा पॅकहाउसवाला ‘लेबल निघत नाहीये’ म्हणून फोन करतो, तेव्हा मालाचे कंटेनर तयार आहेत आणि रीफर (शीत) गाडी दारात उभी आहे.

प्रत्येक नोडवर चालणारा क्युबलेट दर १० सेकंदांनी आपली लीज, म्हणजे ‘मी जिवंत आहे’ ही नोंद, ताजी करतो. ती मुदतीत आली नाही की कंट्रोल प्लेन (क्लस्टर चालवणारा भाग) त्या नोडला ‘नॉट रेडी’ ठरवतं. पॉडवर (एकत्र चालणाऱ्या कंटेनरांच्या गटावर) वेगळं काही सांगितलेलं नसेल तर ३०० सेकंदांनंतर त्या नोडवरचे पॉड दुसरीकडे हलवायला सुरुवात होते. त्यामुळे पहिली तक्रार ॲप्लिकेशनची येते, मग लोक सीएनआय (पॉडचं नेटवर्क) उकरतात, मग क्युबलेटचे लॉग. मूळ मात्र या सगळ्याच्या खाली, टेम्प्लेटमध्ये असतं.

खरं कारण

नव्या आणि जुन्या नोडला डीएचसीपीकडून (आयपी वाटणाऱ्या सर्व्हरकडून) एकच आयपी मिळालेला असतो. ‘पण मॅक ॲड्रेस तर वेगळे आहेत!’ हे इथं प्रत्येक जण म्हणतो, आणि ते बरोबरही असतं. प्रॉक्समॉक्स क्लोन करताना मॅक (नेटवर्क कार्डाचा पत्ता) नवा बनवतं, एसएमबायॉसचा यूयूआयडीही (व्हीएमचा ओळख क्रमांक, म्हणजेच प्रॉडक्ट यूयूआयडी) नवा बनवतं. क्युबअ‍ॅडमच्या कागदपत्रात लिहिलंय की प्रत्येक नोडचं होस्टनेम, मॅक आणि प्रॉडक्ट यूयूआयडी वेगळे आहेत याची खात्री करा. खात्री केली की तिन्ही वेगळे निघतात. माणूस निर्धास्त होतो आणि दुसरीकडे शोधायला लागतो. ही तपासणी चुकीची नाही, पण या अडचणीसाठी अपुरी आहे. चौथी गोष्ट तपासायची राहते: मशीन-आयडी.

ईटीसी फोल्डरमधल्या मशीन-आयडी नावाच्या फाइलमध्ये ३२ अक्षरांची एक हेक्स ओळख असते. लिनक्स सुरू करणारं सिस्टमडी ती पहिल्या बूटला लिहून ठेवतं आणि पुढे कायम तीच वापरतं. उबुंटू सर्व्हरवर नेटप्लॅनच्या (नेटवर्कच्या सेटिंगच्या) खाली सिस्टमडी-नेटवर्कडी चालतं. डीएचसीपीकडे आयपी मागताना ते मॅक पुढे करत नाही, क्लायंट आयडेंटिफायर पुढे करतं. त्याचे दोन भाग असतात. एक डीयूआयडी, जो मशीन-आयडीवरून बनतो. दुसरा आयएआयडी, जो इंटरफेसच्या कायम नावावरून बनतो. एकाच टेम्प्लेटच्या सगळ्या क्लोनमध्ये नेटवर्क कार्ड त्याच स्लॉटमध्ये असतं, म्हणून तो भागही सारखाच. दोन्ही भाग सारखे म्हटल्यावर डीएचसीपी सर्व्हरच्या नजरेत तो एकच गिऱ्हाईक, फक्त कार्ड बदलून आलेला. तो त्याला जुनीच लीज (ठरावीक मुदतीसाठी दिलेला आयपी) देतो. एकाच गट नंबरावर दोन सातबारे निघावेत तसला हा घोळ आहे: कागद दोन्ही खरे, जमीन एक.

काही राउटर क्लायंट आयडेंटिफायर बघतच नाहीत, फक्त मॅक बघतात. त्यामुळे घरच्या लॅबमध्ये हे टेम्प्लेट बिनतक्रार चालतं. ऑफिसात डीएनएसमास्क किंवा केआ हे डीएचसीपी सर्व्हर असतील तर ते क्लायंट आयडेंटिफायरला आधी मान देतात, आणि तिथं मात्र भांडण सुरू होतं. ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे वाक्य या प्रकरणात दोन्ही बाजूंनी खरं असू शकतं.

टेम्प्लेटमध्ये मशीन-आयडी शिरतो कुठून? उबुंटूची अधिकृत क्लाउड इमेज येते तेव्हा ही फाइल रिकामी असते. मग आपण ती इमेज एकदा बूट करतो, क्यूईएमयू गेस्ट एजंट (व्हीएमच्या आतली माहिती प्रॉक्समॉक्सला देणारा) टाकतो, कंटेनरडी (कंटेनर चालवणारा) टाकतो, बंद करतो आणि टेम्प्लेट बनवतो. त्या एका बूटमध्ये आयडी लिहिला गेला. कोणी म्हणेल, मी बूट केलंच नाही, बूट न करता इमेज बदलणारं व्हर्ट-कस्टमाइझ वापरलं. त्याचं आउटपुट नीट वाचा. ‘सेटिंग द मशीन आयडी’ अशी एक ओळ त्यात येते. तेसुद्धा आयडी लिहून ठेवतं.

तपासायचं कसं

नोडवर जाण्याचीही गरज नाही. क्युबलेट ही माहिती स्वतः कळवतो. क्युबसीटीएल कमांडने नोड डिस्क्राइब केला की सिस्टम इन्फोमध्ये ‘मशीन आयडी’ आणि ‘सिस्टम यूयूआयडी’ अशा दोन ओळी दिसतात. सगळ्या नोडची यादी जेसॉनमध्ये काढा, नोडइन्फोमधला मशीन-आयडी वेगळा करा, सॉर्ट करा आणि युनिकला फक्त दुबार ओळी दाखवायला सांगा. एकही ओळ आली तर रोग सापडला.

डीएचसीपी सर्व्हरची लीज फाइलही बघा. डीएनएसमास्कच्या फाइलमध्ये शेवटच्या रकान्यात क्लायंट आयडेंटिफायर असतो. एकाच आयपीसमोर थोड्या थोड्या वेळाने वेगळा मॅक आणि वेगळं होस्टनेम दिसत असेल तर शंकेला जागा उरत नाही.

टेम्प्लेटमध्ये दुरुस्ती

टेम्प्लेटचं व्हीएम बंद करण्याआधी, अगदी शेवटची पायरी म्हणून, मशीन-आयडीची फाइल शून्य लांबीची करा. ट्रंकेट कमांडला साइझ शून्य सांगितली की झालं. फाइल उडवू नका, रिकामी ठेवा. फाइलच नसेल तर सिस्टमडी त्याला पहिलं बूट समजून आणखी काही कामं करतं, आणि ती आपल्याला इथं नको आहेत.

यानंतरची एक गोष्ट हमखास राहून जाते. डी-बस या प्रोग्रॅमांच्या आपसातल्या संदेशसेवेचीही आपली एक मशीन-आयडी फाइल असते, व्हार-लिब-डीबस या फोल्डरात. ती बहुतेक वेळा मुख्य फाइलकडे नेणारी सिमलिंक असते. पण ती खरी, स्वतंत्र फाइल असेल, तर मुख्य फाइल रिकामी दिसल्यावर सिस्टमडी तिच्यातला जुना आयडी उचलून परत लिहितं. म्हणजे आपण पुसलं आणि त्याने पुन्हा तेच गिरवलं. ही फाइल काढून तिथं सिमलिंक करा.

हे दोन्ही नीट केलं की पुढचं काम फार छान जुळून येतं. केव्हीएमच्या (प्रॉक्समॉक्सचे व्हीएम चालवणाऱ्या इंजिनाच्या) आत मशीन-आयडी रिकामा असेल तर सिस्टमडी तो व्हीएमच्या यूयूआयडीवरून बनवतं. आणि प्रॉक्समॉक्स प्रत्येक क्लोनला नवा यूयूआयडी देतंच. प्रत्येक नोडला आपसूक वेगळी ओळख मिळते, वर कुठलीही स्क्रिप्ट लागत नाही.

क्लाउड-इनिट क्लीनला लॉग आणि मशीन-आयडी हे दोन्ही पर्याय देऊन चालवलं तरी मुख्य फाइलचं काम होतं, शिवाय मागच्या बूटच्या खुणाही जातात. डी-बसची फाइल मात्र तरीही स्वतः बघा. आणि आयस्कझीवरचं (नेटवर्कवरून जोडलेलं) स्टोरेज वापरत असाल तर इनिशिएटरनेमची (ज्या नावाने स्टोरेज नोडला ओळखतं त्याची) फाइलही उघडून बघा. ओपन-आयस्कझी टेम्प्लेटमध्येच एकदा सुरू झालं असेल तर तेच नाव सगळ्या क्लोनमध्ये जातं, आणि स्टोरेजच्या बाजूने दोन नोड एकच दिसतात. असे दोन नोड एकाच व्हॉल्यूमवर लिहायला लागले तर डेटाच जातो. आयपीच्या भांडणापेक्षा ही चूक कितीतरी महाग.

जे उपाय वाटतात पण नसतात

पडलेल्या नोडवर जाऊन हाताने दुसरा आयपी लावणं हा सगळ्यात प्रचलित उपाय. चालतोही, पुढच्या रीबूटपर्यंत. आमच्याकडे वळवाच्या पावसात लाइट जाते, यूपीएस दम सोडतो, आणि परत वीज आली की सगळे व्हीएम एकदम उठतात. हाताने लावलेला पत्ता तेव्हा गेलेला असतो आणि सगळे क्लोन एकाच वेळी डीएचसीपीच्या दारात एकच ओळख घेऊन उभे राहतात. ‘दादा, मी तर कशालाच हात लावला नाही, तरी तीन नोड पडले’ असं टीममधल्या पोराने सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवा. तो खरं बोलतोय.

दुसरा उपाय म्हणजे नेटप्लॅनमध्ये डीएचसीपी आयडेंटिफायर मॅकवर ठेवणं. याने आयपीचं भांडण नक्की मिटतं. तिसरा, सरळ स्थिर आयपी देणं. तेही ठीक, आणि कंट्रोल प्लेनच्या नोडांसाठी तर मी स्थिर आयपीच सांगेन, कारण तिथं पत्ता बदलला की इटीसीडीचे (क्लस्टरची माहिती साठवणाऱ्या डेटाबेसचे) सदस्य एकमेकांना शोधत बसतात आणि सर्टिफिकेटमधले पत्ते जुळत नाहीत. पण या दोन्ही उपायांनी मशीन-आयडी सारखाच राहतो, आणि तो आणखी एका ठिकाणी वापरला जातो. ब्रिज किंवा व्हीएक्सलॅनसारख्या आभासी इंटरफेसला ते बनवणाऱ्या प्रोग्रॅमने स्वतः मॅक दिला नसेल, तर सिस्टमडी इंटरफेसचं नाव आणि मशीन-आयडी मिळून एक कायमचा मॅक काढून देतं. नाव सारखं, आयडी सारखा, म्हणून दोन नोडवर मॅकही सारखा. मग आयपी वेगळे असूनही नोडांमधली पॉडची रहदारी कुठेतरी हरवते: एका नोडवरचे पॉड आपसात बोलतात, पलीकडच्या नोडवरच्या पॉडशी बोलत नाहीत. हा प्रकार शोधायला पहिल्यापेक्षा अवघड आहे. म्हणून टेम्प्लेट सुधारलंच पाहिजे, आयपीची सोय केली तरीही.

आधीच उभ्या असलेल्या नोडांचं काय? दुरुस्त करत बसू नका. एकेक ड्रेन करा (त्यावरचे पॉड हलवा), क्लस्टरमधून डिलीट करा, व्हीएम नष्ट करा आणि नव्या टेम्प्लेटवरून उभं करा. ऑटोमेशन त्यासाठीच तर केलंय. हाताने वाचवलेला नोड पुढच्या हंगामात कोणाच्याच लक्षात राहत नाही.

क्लोनच होत नाही तेव्हा

ओळखीचा प्रश्न सुटला की लोक एकदम पाच-सहा नोड मागतात, आणि मग टेराफॉर्म लाल अक्षरांत ‘कान्ट लॉक फाइल, गॉट टाइमआउट’ म्हणून थांबतं. टेराफॉर्म एका वेळी १० कामं समांतर करतं. प्रॉक्समॉक्स मात्र क्लोन करताना टेम्प्लेटच्या कॉन्फिग फाइलवर कुलूप लावतं. पहिला क्लोन सावकाश चालला की मागचे रांगेत थांबून थांबून कंटाळतात. पॅरललिझम १ किंवा २ वर आणा. त्याच वेळी व्हीएमआयडीही (व्हीएमचा नंबर) तुम्हीच ठरवून द्या. ‘पुढचा मोकळा नंबर’ दोन विनंत्यांनी एकाच क्षणी विचारला तर दोघींना एकच उत्तर मिळू शकतं.

लिंक्ड क्लोन झटपट होतो, कारण डिस्कची पूर्ण नक्कल होत नाही. वर्करसाठी तो मला पसंत आहे. फक्त लक्षात ठेवा, त्यावर टेकलेला एकही क्लोन जिवंत असेपर्यंत टेम्प्लेट काढता येत नाही. म्हणून टेम्प्लेटच्या नावात तारीख घाला आणि जुनं टेम्प्लेट त्याची सगळी लेकरं गेल्यावरच काढा. टेम्प्लेट लोकल स्टोरेजवर असेल तर क्लोन थेट दुसऱ्या सर्व्हरवर करता येत नाही. एक तर सेफ किंवा एनएफएससारखं सामायिक स्टोरेज हवं, नाहीतर प्रत्येक सर्व्हरवर वेगळ्या नंबरचं टेम्प्लेट.

स्निपेटचंही तसंच. स्वतःची क्लाउड-इनिट फाइल देण्यासाठी स्टोरेजवर ‘स्निपेट्स’ हा प्रकार चालू करावा लागतो, आणि लोकल स्टोरेजवरची फाइल फक्त त्याच सर्व्हरवर असते. व्हीएम दुसऱ्या सर्व्हरवर हलवलं की तिथं सुरूच होत नाही, कारण फाइल तिथं नाही. एका सर्व्हरवर सगळं चाललं आणि दुसऱ्यावर नाही, असं दिसलं तर सगळ्यात आधी हे तपासा.

क्लोन झाला, व्हीएम सुरूही झालं, पण टेराफॉर्म आयपीची वाट बघत बसलंय? मग गेस्ट एजंट बघा. तो दोन जागी लागतो: प्रॉक्समॉक्समध्ये त्या व्हीएमचा एजंटचा पर्याय चालू हवा, आणि व्हीएमच्या आत पॅकेज बसवलेलं आणि चालू हवं. एकच असेल तर उपयोग नाही. पर्याय नंतर चालू केला तर आतून रीबूट पुरत नाही, व्हीएम पूर्ण बंद करून परत सुरू करावं लागतं.

काल जॉइन झाला, आज होत नाही

ही दुसरी नेहमीची तक्रार. टेम्प्लेट तेच, स्निपेट तेच, काल दोन नोड जोडले गेले, आज तिसरा जोडला जात नाही. लॉगमध्ये क्लस्टर-इन्फोच्या कॉन्फिगमॅपमध्ये त्या टोकनची जेडब्ल्यूएस सही सापडत नाही, असा संदेश असतो. कारण सरळ आहे: क्युबअ‍ॅडमचं टोकन (नोड जोडायची तात्पुरती किल्ली) २४ तासांत संपतं, आणि कोणीतरी जॉइनची पूर्ण कमांड स्निपेटमध्ये चिकटवून ठेवली आहे. कंट्रोल प्लेन नोड जोडत असाल तर मुदत आणखी कमी, कारण सर्टिफिकेट की फक्त २ तास टिकते.

न संपणारं टोकन बनवून मोकळं व्हायचा मोह होतो. कृपा करून तसं करू नका. स्निपेट स्टोरेजवर उघड मजकुरात असतं, व्हीएमच्या आत क्लाउड-इनिटच्या फोल्डरातही त्याची प्रत राहते. ज्याला ती फाइल वाचता येईल त्याला तुमच्या क्लस्टरमध्ये नोड घुसवता येईल, कायमचा. नोड उभे करायच्या वेळीच कंट्रोल प्लेनवर तासाभराचं टोकन बनवा आणि मशीनवर कामं आपोआप चालवणाऱ्या अ‍ॅन्सिबलकडून जॉइन करवून घ्या. जॉइनच्या आधी क्लाउड-इनिट स्टेटसला वेट देऊन थांबा, नाहीतर कंटेनरडी बसायच्या आत अ‍ॅन्सिबल तिथं पोचतं.

होस्टनेमचा तपासही इथंच करा. त्याच नावाचा नोड ‘रेडी’ असताना नवा जोडायला गेलात तर क्युबअ‍ॅडम स्पष्ट नकार देतं. क्लाउड-इनिट व्हीएमच्या नावावरूनच होस्टनेम लावतं, म्हणून टेराफॉर्ममध्ये नावं नीट दिली की हा प्रश्न सहसा येत नाही.

जुन्या स्क्रिप्टा चालवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. कुबरनेटीसची पॅकेजची जुनी रिपॉझिटरी १३ सप्टेंबर २०२३ पासून गोठवली गेली आणि मार्च २०२४ मध्ये काढून टाकली गेली. नव्या जागी प्रत्येक मायनर आवृत्तीची रिपॉझिटरी वेगळी आहे. त्यामुळे स्क्रिप्टमध्ये आवृत्ती लिहावीच लागते, आणि ते चांगलंच आहे. क्युबलेट एपीआय सर्व्हरपेक्षा नवा कधीच चालत नाही. जुना असेल तर तीन मायनर आवृत्त्यांपर्यंत चालतो. दुसरं, व्हीएमचा सीपीयू प्रकार. जुन्या टेम्प्लेटमध्ये केव्हीएम-६४ असेल तर आरएचईएल (रेड हॅट लिनक्स) ९ वर बेतलेल्या कंटेनर इमेज सुरू होताच जीलिबसीची (लिनक्सच्या मूळ लायब्ररीची) घातक चूक दाखवून मरतात, कारण त्यांना एक्स-८६-६४-व्ही-२ एवढा तरी सीपीयू लागतो. नोड ‘रेडी’, पॉड मात्र सारखे पडतायत, असं चित्र असेल तर सीपीयूचा प्रकार बदला.

पॉडच्या नेटवर्कची रेंजही क्लस्टर बनवतानाच बघून घ्यायला हवी. कॅलिको या सीएनआयच्या तयार मॅनिफेस्टमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) १९२.१६८.०.०/१६ असते, आणि आपल्याकडच्या ऑफिसांचं लॅन बहुधा त्याच घरातलं. तसं असेल तर काही पॉडना ऑफिसातला प्रिंटर किंवा डेटाबेस दिसतच नाही. चालू क्लस्टरवर ही रेंज बदलणं जिकिरीचं आहे.

नवं टेम्प्लेट बनवलं की आम्ही ते थेट वापरात घेत नाही. त्यावरून दोन क्लोन एकाच वेळी सुरू करतो, दोघांचे मशीन-आयडी, आयपी, एसएसएच होस्ट की आणि इनिशिएटरनेम शेजारी शेजारी ठेवतो. मग दोन्ही व्हीएम पूर्ण बंद करून एकदम परत सुरू करतो आणि आयपी तेच राहिले का ते बघतो. दोघांत एकही गोष्ट सारखी निघाली, किंवा परत सुरू केल्यावर आयपी बदलला, तर टेम्प्लेट परत जातं. हे काम सीआयच्या (आपोआप तपासणीच्या) जॉबमध्ये टाकलंय, डिसेंबरात हंगामाच्या आधी ते चालतं, आणि तुलना सफल झाल्याशिवाय टेराफॉर्मच्या व्हेरिएबलमधला टेम्प्लेटचा नंबर बदलता येत नाही.